साकवावरचं हसू: शाळेच्या वाटेवरचे तुमचे अनुभव

पोफळी:
काल लेकीच्या शाळेत सखी सावित्री समितीची, म्हणजे मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असते त्या समितीची, सभा होती. यंदा आठवी-नववीचे मुलगेही बसवले होते. बाईंनी विचारलं, स्टँडवर मित्र मुलीला बघून शिट्टी मारतो तेव्हा तू काय करतोस? कोणी बोलेना. मग मागच्या बाकावरचा एक जण मान खाली घालून म्हणाला, "हसतो."

तेव्हापासून १९९८ डोक्यात आहे. मी नववीत. व्हाळावरच्या साकवाच्या तोंडाशी एक मुलगा सायकल आडवी लावायचा. दप्तर छातीशी धरून, अंग चोरून जायचं. त्याचा चेहरा आठवत नाही, पण बांधावर बसलेल्या चौघांचं हसू अजून कानात आहे. घरी सांगितलं तर माझीच वाट बदलली, मळ्यातून, अर्धा तास जास्त. त्या चौघांना कोणी काही शिकवलं नाही. तुमचं काय? लिहा.

देवगडकरीण:
माझी आई तर म्हणाली, शाळाच सोडवते. मग दहावी होईस्तोवर तोंड उघडलं नाही. नंतर लिहिते, आंबोळी तव्यावर आहे.

खडूफळा:
राजापूर तालुक्यात शिकवतो. फळ्यावर दोन रकाने केले, मुलगी आणि मुलगा, उठल्यापासून निजेपर्यंत कोण काय करतं. मुलींचा रकाना फळ्याच्या तळाला टेकला: पाणी, गोठा, भांडी, भाकऱ्या. मुलग्यांचा क्रिकेटपाशी थांबला. वर्ग गप्प. एका भाषणानं काही होत नाही, दर आठवड्याला तास लागतो. २०१२ चा पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, अठराखालच्या मुलग्यांनाही लागू आहे हे सांगितलं की ते सरसावून बसतात. एखादा तासानंतर मागे थांबतो.

रापण७२:
ताई, आमच्या वाडीतल्या हसणाऱ्यांत मी होतो. नाही हसलो तर "बायल्या" म्हणतील ही भीती. चूक होती. गणपतीत भाच्यांसमोर हे बोललो. एक म्हणाला, मामा, ग्रुपवर मुलींचे फोटो येतात तेव्हा काय करायचं?

पोफळी:
मग काय सांगितलंत?

रापण७२:
पुढे पाठवायचा नाही, आणि सगळ्यांसमोर "डिलीट कर" म्हणायचं. त्यानं म्हटलं. दोघे त्याच्याशी बोलत नाहीत, पण फोटो गेला.

वकीलसून:
पाठलागाला वेगळं कलम २०१३ ला आलं. आता भारतीय न्याय संहितेत ते कलम ७८. मुलांकडून १०९८, मुलांच्या मदतीचा फोन नंबर, पाठ करून घ्या.

माडाखाली:
पोफळी, देवळामागचाच साकव ना गो? तो पुरात गेला. आता सिमेंटचा बांधलाय.

देवगडकरीण:
आले. लेकाला पुढ्यात बसवून तुझं वाचून दाखवलं. विचारतो, चौघे होते ना, मग सायकल कोणी बाजूला का नाही केली?