रोलंडसनबाई आणि अस्वलाच्या चरबीतली धिरडी

अमेरिकेतल्या मूलनिवासींनी पळवून नेलेल्या इंग्रज वसाहतकऱ्यांनी सुटकेनंतर लिहिलेल्या आठवणी केवळ रक्तपात आणि मूलनिवासींबद्दलच्या द्वेषावर खपल्या, असं एक मत आहे; ते मला अर्धंच पटतं. द्वेष आहेच, अशीच पळवून नेलेली मेरी रोलंडसन तर मूलनिवासींना सरळ सैतानाची पिलावळ ठरवते. पण १६८२ साली तिच्या पुस्तकाच्या एकाच वर्षात चार आवृत्त्या निघाल्या (त्यातली एक लंडनला), त्यामागे मला तरी भूक दिसते. ही पाद्र्याची बायको. साडेतीनशे वर्षांपूर्वी अकरा आठवडे कैदेत होती, शेवटी वीस पौंड खंडणी देऊन सुटली. पहिल्या आठवड्यात तिला अन्न गिळवत नाही, तिसऱ्यात तेच गोड लागायला लागतं. एकदा तर एका कैदी इंग्रज पोराला उकडलेला घोड्याचा खूर चावता येईना, नुसताच चघळत बसलेलं. हिने तो त्याच्या हातून घेऊन स्वतः खाल्ला, आणि चवदार लागला असं लिहूनही टाकलं! एरवी पानोपानी बायबलचे दाखले देणारी बाई ही.

आणखी एक गोष्ट. कैदेत ती शिवणटिपण, विणकाम करून कमवायची. मेटाकॉमच्या (इंग्रजांशी लढणारा मूलनिवासी सरदार, इंग्रजांचा 'किंग फिलिप') मुलासाठी तिने सदरा शिवला, त्याचा शिलिंग मिळाला. ती ज्याच्या ताब्यात होती त्या मालकाला देऊ केला तर तो म्हणाला, तुझ्याकडेच ठेव. त्याचं तिने घोड्याचं मांस घेतलं. पुढे त्याच मुलाला टोपी शिवली, तेव्हा मेटाकॉमने जेवायलाच बोलावलं. पानात काय, तर अस्वलाच्या चरबीत तळलेलं भाजक्या गव्हाचं धिरडं. आयुष्यात इतकं रुचकर काही खाल्लं नव्हतं म्हणे.