मस्टँगचे ब्रेक बदलले म्हणून मी 'गाडीचा खुनी'?

सॅक्रामेंटोचा फिटर:
काल इथे एका काकांनी लिहिलं, की जुन्या गाडीत कंपनीबाहेरचा एक नटही घालणारा माणूस गाडीचा खुनी, असल्यांनी सरळ नवी गाडी घ्यावी. वाचता वाचता चहा गार झाला, म्हणून हे लांबलचक.

माझी मसल कार म्हणजे फोर्ड मस्टँग, 1966ची. चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक, आणि पेडल दाबलं की ब्रेकचं तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा. म्हणजे एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. माझा फुटला. मागच्या ॲक्सलवरचा, गंजलेला, घरासमोरच्या उतारावर. पेडल थेट खाली, पायाला काही लागेचना. डॅशखालची हँडब्रेकची मूठ खेचत शेजाऱ्याच्या कचऱ्याच्या डब्यावर जाऊन थांबलो. मागच्या सीटवर मुलगी होती. त्याच आठवड्यात दोन कप्प्यांचा सिलिंडर आणि पुढे डिस्क ब्रेक बसवले. 1967च्या गाडीत फोर्डने स्वतःच दोन कप्पे दिले, पुढच्या डिस्क तर 1965पासून जादा पैसे भरून मिळतच होत्या. मग खून कुणाचा झाला?

पेठेतला जुना:
तो काका मीच. कचऱ्याच्या डब्याबद्दल सहानुभूती. ब्रेकचं ठीक आहे, पण तुमच्या मार्चमधल्या फोटोंत त्याच गाडीत 289 क्यूबिक इंचाचं व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन दिसतंय, ते सोयीने गाळलंत. चासी नंबरातलं पाचवं अक्षर 'टी' आहे, म्हणजे गाडी जन्माने सहा सिलिंडरची. वडिलांची 1964ची फियाट माझ्याकडे आहे, इग्निशनचे पॉइंटसुद्धा जुन्या पद्धतीचे. आम्हालाही वेग आवडतो हो, पण आवड म्हणून आजोबांना दुसऱ्याचं हृदय बसवत नाही.

सॅक्रामेंटोचा फिटर:
हो, बसवलं. चार नटांची चाकं गेली, पाच नटांची आली. मागचा ॲक्सल, पुढच्या स्प्रिंगा, सगळं बदललं. 1966 सालात मस्टँग सहा लाखांवर बनल्या. एक 'टी' कमी झाली म्हणून संग्रहालयं ओस पडणार नाहीत. जुनं इंजिन ताडपत्रीखाली ठेवलंय, हवं तर येऊन नमस्कार करा.

शब्दकोश:
मुळात मस्टँग मसल कार नाही, पोनी कार आहे, म्हणजे आटोपशीर स्पोर्टी गाडी. मसल म्हणजे 1964ची पाँटियाक जीटीओ, मध्यम गाडीत 389 क्यूबिक इंचाचं दांडगं इंजिन. शब्द नीट वापरा, मग भांडा.

सॅक्रामेंटोचा फिटर:
आले! दर धाग्यात एक येतातच.

करवीर काँटेसा:
भावांनो, तुमचे लाड आहेत. माझी काँटेसा सुरुवातीची, ॲम्बॅसडरच्या दीड लिटर इंजिनाची. घाट चढताना एसटी मागनं हॉर्न मारती. कंपनीने स्वतःच पुढं इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन टाकलं, ते मला बसवायचं तर गाडीतल्या बदलांवरचं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि वर 2019चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आडवा येतो. आरटीओच्या खिडकीतले साहेब फाईल उघडायच्या आधीच मान हलवतात. व्हिंटेज नोंदणी म्हणाल तर गाडीला 50 वर्षं झालेली लागतात. काँटेसा आली 1984ला. म्हणजे 2034पर्यंत आम्ही ना जुने, ना नवे.

सॅक्रामेंटोचा फिटर:
हे मान्य. इथे कॅलिफोर्नियात 1975 आणि त्याआधीच्या गाडीला धुराची, म्हणजे स्मॉग चाचणीच नाही, म्हणून माझं निभावलं. निदान काम मी स्वतःच्या हाताने तरी केलं. भारतात 'मी रिस्टोर केली' म्हणणाऱ्यांपैकी पाना कितीजणांनी धरलाय?

पेठेतला जुना:
पार्ट शोधत कुर्ल्याच्या उन्हात चार वर्षं मी फिरलो. पैसे मी मोजले. पाना धरला म्हणजेच काम का? घराचा मालक विटा रचतो वाटतं?

डेंटरची मुलगी:
इतके दिवस नुसती वाचत होते. माझे बाबा डेंटर, गाड्यांचा चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणारे. बोटाने टिचकी मारून सांगायचे, पत्रा कुठे आहे आणि खड्डे बुजवायची पुट्टी कुठे. पत्रा वाजतो, पुट्टी धप्प बोलते. एका गिऱ्हाइकाच्या गाडीचं मडगार्ड त्यांनी हातोडी आणि डॉलीवर, म्हणजे पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्यावर, पाच महिने ठोकून उभं केलं, कारण नवं मिळतच नव्हतं. गाडीला रॅलीत बक्षीस मिळालं. मालक माइकवर म्हणाले, "ही मी माझ्या हातांनी घडवली." बाबा तेव्हा गेटबाहेर होते. पास घरच्यांपुरतेच होते. मूळ इंजिन की नवं, यावर तुमची दोन दिवस जुंपलीय. हात कुणाचे, हे कुणी विचारत नाही.

पेठेतला जुना:
वाईट झालं. पण सगळ्या मालकांना एका माळेत ओवू नका. आमच्या मिस्त्रींना मी दर दिवाळीला बोनस देतो.

डेंटरची मुलगी:
तुमच्या फियाटचे सतरा फोटो पाहिले. मिस्त्री एकातही नाहीत.

करवीर काँटेसा:
काका, गप बसा आता.

पेठेतला जुना:
तुम्ही मला गप बसवणारे कोण? चाळीस वर्षं गाडी सांभाळलीय मी! तुमच्यासारखी एसटीला वाट देत नाही फिरलो.

सॅक्रामेंटोचा फिटर:
थोडं माझंही चुकलं. मी स्वतः करतो त्यात पुण्य काही नाही, इथली मजुरी परवडत नाही. काचेखालच्या काऊलचा पत्रा सडून पावसाचं पाणी पायांवर यायचं. ते काढायला एकेक स्पॉट वेल्ड, म्हणजे जोडाचा ठिपका, ड्रिलने सोडवत दोन महिने गेले. ताईंच्या बाबांनी दोन आठवड्यांत केलं असतं, आणि माझ्यासारखं वाकडं नाही.

शब्दकोश:
काऊल नव्हे, कावल.

पेठेतला जुना:
ठीक आहे. फियाटचा मास्टर सिलिंडरही एकाच कप्प्याचा आहे. पाइप बदला म्हणून मिस्त्री आठ वर्षं सांगताहेत. सोमवारी बदलून घेतो. पाइपच फक्त, आणि तेही जुन्याच मापाचे. इंजिनाला कुणी हात लावणार नाही. फोटो टाकीन.

डेंटरची मुलगी:
पाइप कोण बदलतंय?

पेठेतला जुना:
मिस्त्री. फोटोत असतील. झालं समाधान?