रोज पाचच पानं

ताई, 'केट डॅनियल्स' या जादूच्या कादंबऱ्यांच्या मालिकेचा शेवटचा भाग उघडायचा धीर होत नाही म्हणालात, माझंही तेच झालं होतं. इलोना अँड्र्यूज या नवरा-बायकोच्या जोडीची ही मालिका २००७ला सुरू झाली. दहावी आणि शेवटची कादंबरी 'मॅजिक ट्रायम्फ्स' २०१८ची. त्यातल्या अटलांटात जादूची लाट आली की वीज, बंदुका, गाड्या सगळं ठप्प. परभणीत मे महिन्यात लाईट गेलेली, गच्चीवर बाज टाकून मोबाईलच्या उजेडात वाचताना ते शहर फार जवळचं वाटायचं! पहिल्या भागातली एकटी, पैसे घेऊन लढणारी केट इथं आई झालीय. शेवटची चाळीस पानं मी आठ दिवस पुरवली, खुणेला एसटीचं तिकीट. वाचाच तुम्ही, सावकाश. झालं की लिहा, मला त्या शेवटाबद्दल कुणाशी तरी बोलायचंय.