शब्दचर्चा: ‘सहकुटुंब’ कोणाला म्हणायचं?

प्रश्न
आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) नाताळ-पत्रकाचा मजकूर लिहिते आहे. ‘सर्वांनी सहकुटुंब उपस्थित राहावे’ ही नेहमीची ओळ. पण आमच्यात लग्न न केलेली, जोडीदार गमावलेली अशी बरीच माणसं आहेत. त्यांच्यासाठी ‘अविवाहित’, ‘एकटे’, ‘एकाकी’ यांपैकी कोणता शब्द योग्य?

प्रतिसाद १
तिन्ही शब्दांचा अर्थ एक नाही. ‘अविवाहित’ फॉर्मवर ठीक आहे, पण तो माणसाला त्याच्याकडे जे नाही त्यावरून ओळखतो. शिवाय विधवा-विधुर त्यात बसतच नाहीत. ‘एकटा’ म्हणजे सोबत कोणी नसलेला, एवढंच. ‘एकाकी’त मात्र दुःख आहे. लग्न न झालेला माणूस एकाकी असेलच असं नाही आणि भरल्या घरातला माणूस एकाकी असू शकतो. ‘एकांत’ आणखी वेगळा, तो आपण होऊन शोधायचा असतो. प्रभू येशू प्रार्थनेसाठी रानात जाई, तो एकांतासाठी (बायबल, लूक ५:१६). पत्रकात ‘एकाकी’ कृपया नको. कोण एकाकी आहे हे आपण बाहेरून ठरवू नये.

प्रतिसाद २
माझ्या मते अडचण ‘एकटे’मध्ये नसून ‘कुटुंब’मध्ये आहे. जुन्या मराठीत ‘आमचं कुटुंब’ म्हणजे सरळ बायको. तो अर्थ आता मागे पडला, तरी ‘सहकुटुंब’ वाचताना नवरा, बायको, मुलं असंच चित्र डोळ्यांसमोर येतं. शुभवर्तमानातलं, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातलं, चित्र याहून मोठं आहे. आई आणि भाऊ बाहेर उभे आहेत असा निरोप आला, तेव्हा येशूने भोवती बसलेल्यांकडे पाहिलं आणि देवाच्या इच्छेप्रमाणे वागणारा तोच माझा भाऊ, बहीण, आई, असं म्हटलं (मार्क ३:३१-३५). वधस्तंभावरून त्याने आईला शिष्याच्या हाती सोपवलं. त्या दिवसापासून त्या शिष्याने तिला आपल्या घरी ठेवून घेतलं. रक्ताच्या नात्याचा अनादर यात कुठेच नाही, फक्त उंबरठा रुंद झाला आहे.

आणि नाताळची गोष्ट तरी फक्त आई, बाप आणि बाळ यांची कुठे आहे? बाळाला मंदिरात आणलं तेव्हा त्याला ओळखणाऱ्यांत हन्ना होती. सात वर्षांच्या संसारानंतर विधवा झालेली, म्हातारी, मंदिर न सोडणारी. यरुशलेमच्या मुक्तीची वाट पाहणाऱ्या सर्वांना त्याच्याविषयी सांगू लागली ती हीच (लूक २:३६-३८). नाताळच्या उपदेशात मेंढपाळ दरवर्षी येतात, हन्ना क्वचितच येते. मला याचं खरंच वाईट वाटतं.

प्रतिसाद ३
थोडी भर. प्रेषित पौल लग्न न करता राहण्याला कमतरता मानत नाही. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१ करिंथ ७:७) तो त्याला ‘कृपादान’, म्हणजे देवाची देणगी, म्हणतो, आणि तेही प्रत्येकाला आपापलं. मात्र ज्यांना लग्न हवं होतं आणि झालं नाही, त्यांच्या तोंडावर हा शब्द मारू नये. त्यांचं दुःख खरं असतं आणि नाताळात ते जास्त बोचतं.

प्रतिसाद २ (पुन्हा)
मान्य. आणखी एक, आपल्याकडे हवा तो शब्द आहेच: ‘मंडळी’. ‘घरची मंडळी’ आणि ‘ख्रिस्ती मंडळी’, दोन्हीकडे तोच. त्यात कोणाचं लग्न झालं आहे, हा प्रश्नच येत नाही.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. ओळ अशी केली आहे: ‘मंडळीतील सर्वांना आग्रहाचं निमंत्रण. घरच्यांसह या, मित्रांसह या, एकटे या. उपासनेनंतर जेवण एकत्र आहे.’

प्रतिसाद १
छान. ‘एकटे या’ इथे अजिबात खटकत नाही, कारण पुढचंच वाक्य जेवणाचं आहे. फक्त जेवणाच्या टेबलांवर कुटुंबांच्या नावाच्या चिठ्ठ्या लावू नका.