मदत हवी आहे: छोट्या विमानातून उडताना प्रवासी विमानांपासून सुरक्षित अंतर कसं राखायचं?

मंडळी, मी वैमानिकाचं प्रशिक्षण घेतोय. आता एकट्याने लांबचं उड्डाण करायचंय आणि वाट एका मोठ्या विमानतळाच्या नियंत्रित हद्दीला लागून जाते. नकाशावर हद्द ठळक दिसते, आकाशात काहीच आखलेलं नसतं, म्हणून जाणकारांना विचारतोय.

सेरिटोसचा अपघात वाचल्यापासून हे डोक्यात आहे. ३१ ऑगस्ट १९८६ला लॉस एंजेलिसजवळ एक छोटं पायपर विमान परवानगीशिवाय नियंत्रित हद्दीत शिरलं आणि उतरायला निघालेल्या एरोमेक्सिकोच्या डीसी-९ या प्रवासी विमानाची त्याच्याशी टक्कर झाली. जमिनीवरच्या १५ जणांसह ८२ माणसं गेली. पायपरमध्ये ट्रान्सपॉन्डर (रडारला उत्तर देऊन विमानाची माहिती कळवणारं यंत्र) होता, पण तो उंची कळवत नव्हता. उंचीच कळली नाही तर आजचं टीकॅससुद्धा (प्रवासी विमानातली टक्कर टाळणारी यंत्रणा) 'वर जा' किंवा 'खाली जा' असं सांगू शकत नाही. मग माझ्या ट्रान्सपॉन्डरची उंची बरोबर जातेय की नाही, हे मी उडताना कसं तपासू?

दुसरी काळजी नजरेची. सॅन डिएगोला १९७८मध्ये हवा स्वच्छ होती, बोइंग ७२७च्या वैमानिकांना जवळच्या छोट्या सेस्ना विमानाबद्दल सांगितलंही होतं, तरी ते नजरेतून निसटलं आणि टक्कर झाली. टकरीच्या वाटेवरचं विमान काचेत जागचं हलत नाही म्हणतात. न हलणारा ठिपका शोधायचा कसा?

प्रतिसाद १
उंचीचं सोपं आहे. रडारवाल्या नियंत्रकाला विचारा, "माझी उंची किती दिसतेय?" आणि आपल्या उंचीमापकाशी ताडून पाहा. हद्दीबाहेर असलात तरी त्यांच्या संपर्कात राहा. आणि कडेला चिकटून उडू नका, दोन-तीन मैल मोकळे सोडा. वाऱ्याने तेवढं सरकायला वेळ लागत नाही.

नजर सतत फिरवत ठेवली तर डोळ्याला काहीच टिपता येत नाही. आकाशाचे छोटे तुकडे पाडा, प्रत्येकावर क्षणभर थांबा, मग पुढे. प्रवासी विमान २५० नॉट्सने (ताशी सागरी मैल) आणि तुम्ही १०० नॉट्सने समोरासमोर असाल, तर दोन सागरी मैल साधारण २० सेकंदांत संपतात. दिसण्यापासून विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत साडेबारा सेकंद धरा, असं अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेचं मार्गदर्शन आहे. डोकंही हलवा, खिडकीच्या खांबाआड अख्खं विमान लपतं. लँडिंग लाइट चालू ठेवा.

मूळ धागाकर्ता
मनापासून आभार. नियंत्रकाला थेट विचारता येतं हे सुचलंच नव्हतं. अजून एक: चढताना नाक वर असतं, समोरचं काहीच दिसत नाही. तेव्हा काय करता?

प्रतिसाद २
सरळ रेषेत चढत राहू नका. मध्येमध्ये थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे वळा, म्हणजे नाकाआडचं आकाश उघडं पडतं. लांबची चढण असेल तर अधूनमधून नाक जरा खाली आणून समोर बघून घ्या.