नवीन विक्रेत्याने सुरुवातीचा भाव कसा ठरवावा?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. हाताने शिवलेल्या कापडी पिशव्या ऑनलाइन मार्केटप्लेसवर विकायला सुरुवात करतेय. रिव्ह्यू अर्थातच शून्य. जो तो सांगतो, "आधी भाव पाड, रिव्ह्यू येऊ देत, मग वाढव." पण हिशोब मांडला की धाकधूक होते.

समजा पिशवी १०० ला विकली. कापड, शिलाई मिळून ६०, पॅकिंग आणि कुरिअर १२, कमिशन १५ टक्के. हातात उरले १३. आता भाव फक्त १० टक्के उतरवला, म्हणजे ९०. कमिशन १३.५० आणि बाकी खर्च तोच, म्हणून उरतात जेमतेम साडेचार! तेवढाच नफा हवा तर जवळपास तिप्पट पिशव्या विकायला हव्यात. त्यात एखादी परत आली की दोन्हीकडचं कुरिअर माझ्याच बोकांडी बसणार. (माझी मजुरी मी शिलाईत धरलीय. बरेच जण धरत नाहीत, ते मला पटत नाही.)

म्हणून विचार असा आहे की मूळ भाव १०० च ठेवायचा आणि पहिल्या काही ऑर्डरपुरतं मुदतीचं कूपन द्यायचं. म्हणजे नंतर "भाव वाढवला" असं वाटणार नाही. की दोन पिशव्यांचा जोड करून कुरिअरचा खर्च वाटून घेऊ?

ज्यांनी स्वस्तात सुरुवात करून पुढे भाव वाढवला, त्यांची विक्री टिकली का? वाढ एकदम केलीत की टप्प्याटप्प्याने? आणि परत येणाऱ्या मालासाठी भावात किती टक्के धरता?