मदत हवी आहे: केतुपात पालास फुटतायत, उद्या दुपारपर्यंत हवेत

बटरवर्थवाली
लवकर सांगा कुणीतरी. ऑफिसात उद्या रायाचं, म्हणजे ईदचं, जेवण आहे आणि केतुपात पालास (पालासच्या पानाच्या त्रिकोणी पुड्यांत शिजवलेला चिकट भात) मी आणते असं सांगून बसलेय. पहिला घाणा वाया गेला. निम्म्यांतून भात बाहेर आला, पाणी पांढरंफटक झालं, जे शाबूत राहिले ते आतून कच्चे. पानं पासारमधलीच, म्हणजे बाजारातलीच आहेत, तांदूळ भिजवलेला होता. रेसिपी नको, व्हिडिओ नको. काय चुकतंय तेवढं सांगा.

नीबोंग
तांदूळ कोणता, किती वेळ भिजवला, कच्चा भरला की सांतानमध्ये, म्हणजे नारळाच्या दुधात, परतून? पान मिटलेलं होतं की उघडलेलं? किती वेळ उकडले? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

विदर्भभूषण
पळसाचं पान ओल्या वाफेला टिकत नाही. द्रोण-पत्रावळीला ठीक. सरळ केळीचं पान वापरा.

नीबोंग
विदर्भभूषण, हा आपला पळस नव्हे. पालास म्हणजे लिक्युआला, मलाय जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारा ठेंगणा ताड. पान पंख्यासारखं, देठाला बहुधा वाकडे काटे. केळीच्या पानात बांधलं की ते केतुपात पालास राहत नाही, वेगळा पदार्थ होतो.

बटरवर्थवाली
पुलुतच घेतला, म्हणजे चिकट तांदूळ. दोन तास भिजवला. कच्चाच भरला, वर सांतान आणि मीठ. पानं छान हिरवीगार आहेत. आणखी काय?

चिवट
हिरवीगार? मग कोंब नाहीतच ते. केतुपातला पालासचा न उघडलेला कोंब लागतो, फिकट पिवळसर, मिटलेल्या घड्यांचा. उघडून हिरवं झालेलं पान ताठ होतं आणि दुमडताना घडीवरच उभं चिरतं. चीर दिसत नाही, पण भात फुगला की तिथूनच बाहेर पडतो. पासारात पुन्हा जाऊन पुचुक पालास, म्हणजे पालासचे कोंब, मागा. सकाळीच जा, रायाच्या आठवड्यात दहानंतर उरत नाहीत.

नीबोंग
पान हे एक. दुसरं, कच्चा पुलुत ठासून भरला तर फुगायला जागा कुठे? आणि कच्च्या भातावर ओतलेलं सांतान उकळत्या पाण्यात धुऊन जातं. पाणी पांढरं झालं ते त्यानेच.

एक किलो पुलुत किमान चार तास भिजवा, चाळणीत निथळा. जाड बुडाच्या कढईत पाऊण लिटर दाट सांतान, एक मोठा चमचा मीठ, एक मोठा चमचा साखर. मंद आच, हात थांबवायचा नाही. उकळी फुटू द्याल तर सांतान फाटून तेल वर येईल. वाफा दिसू लागल्या की तांदूळ टाका आणि दूध आटेपर्यंत हलवत राहा. दाणा बाहेरून पांढरा, चावला तर मध्ये कण लागला पाहिजे. पूर्ण शिजवलात तर शेवटी पिठल्यासारखा लगदा होईल. परातीत पसरून गार करा. गरम भात भरला तर पानाला घाम येतो आणि गाठ सरकते.

काणकोणकर
आमच्याकडे फणसाच्या पानांचे खोले करतात इडलीच्या पिठाला, काड्या टोचून. इथे पालासचं पान आधी वाफेवर मऊ केलं तर चालेल का?

चिवट
चालेल, पण वाफेची गरज नाही. ओल्या फडक्याने पुसा, कडक वाटलं तर गरम पाण्यात बुडवून लगेच काढा. जास्त वेळ ठेवलंत तर गळतं आणि गाठ ओढताना तुटतं.

बटरवर्थवाली
गाठच सुटते ना! ती कशी मारायची?

चिवट
कोंबाची एकेक पट्टी सोडवा. अरुंद टोक हातात धरून घड्या उलगडा, खाली कोन होतो. त्यात दोन मोठे चमचे भात. कोपऱ्यापर्यंत बोटाने सारा पण दाबू नका. मग लांब शेपटी तोंडावरून फिरवत त्रिकोण बांधा. शेवटचा वेढा जरा सैल ठेवा, टोक त्याच्याखालून घाला आणि ओढा. बोटं पोचत नसतील तर बांबूची काडी. दोरा लागतच नाही. पानाला पानच धरतं.

नीबोंग
मग उकळत्या पाण्यात तीन तास. बुडलेलेच राहिले पाहिजेत, वर ताटली उपडी ठेवा.

चिवट
मी वाफेच्या बाजूची. दीड तास वाफ, सांतान आतच राहतं.

नीबोंग
भात आधी परतलेला असेल तर उकडतानाही आतच राहतं. वाफवलेला भात भुसभुशीत राहतो, कापला की दाणे सुटतात. उकडलेला घट्ट बसतो.

चिवट
घट्ट हवा असेल तर केतुपात नासी करा, नारळाच्या कोवळ्या पातीत विणलेला, साध्या तांदळाचा. त्याला चार-पाच तास उकडणं लागतंच. पालासमध्ये मऊपणाच हवा.

बटरवर्थवाली
भांडू नका. मी कुकरमध्ये तीन शिट्ट्या काढल्या होत्या. तेही चुकलं?

नीबोंग
हे आधी सांगायचं ना! शिट्टी झाली की आतलं पाणी उसळतं, पुड्या एकमेकांवर आपटतात आणि गाठी सुटतात. वर तीन शिट्ट्यांत मधला दाणा शिजत नाही, म्हणून कच्चे. उघडं पातेलं घ्या.

झापवाला
विषय पानांचाच निघालाय म्हणून विचारतो. नीपाचं, त्या दलदलीतल्या ताडाचं, पान चालेल का? आणि दापोलीजवळच्या शेतघरावर नीपाचं आताप, म्हणजे पानांचं छप्पर, घालायचंय, कुठे मिळेल?

नीबोंग
नीपा वेगळा. मलेशियात मुआरकडे ओताक-ओताक (मसाला लावलेली मासळी) त्याच्या पट्टीत घालून निखाऱ्यावर भाजतात, कारण ते पान ताठ असतं. त्रिकोण वळायला गेलात तर मोडेल. आतापसाठी नीपाच्या पानाच्या पाती एका काठीवर दुमडून, एकीवर एक चढवून, वेताच्या सालीने शिवतात. अशा पट्ट्या खालून वर बांधत जायच्या. दाट बांधल्या तर छप्पर टिकतं, विरळ बांधल्या तर दुसऱ्या पावसात गळतं. छपराचा उतार कमी ठेवला की पाणी थांबून पान कुजतं. पण नीपा खाऱ्या-गोड्या पाण्याच्या चिखलात होतो. भारतात सुंदरबन आणि अंदमान. दापोलीत माडाच्या झावळ्यांची झापं विणून घ्या, ती ओळखीची आणि परवडणारी.

झापवाला
झापं दर दोन वर्षांनी बदलावी लागतात हो.

बटरवर्थवाली
छपराचा वेगळा धागा काढा ना, प्लीज.

विदर्भभूषण
सोबत रेंडांग करणार असाल तर मटण आदल्या रात्री…

बटरवर्थवाली
रेंडांग दुसरं कुणीतरी आणतंय!! पुचुक मिळाले. भात परतून गार केला, पंचेचाळीस बांधले, उकळत्या पाण्यात टाकले. आता पाणी कमी झालंय आणि वरचे दोन डोकावतायत.

नीबोंग
उकळतं पाणीच घाला. गार घातलंत तर उकळी मोडते आणि वरचे कच्चे राहतात. दोन तासांनी एक उघडून कोपरा चावून बघा. कण लागला तर अजून पाऊण तास. उघडलेला पुन्हा पाण्यात टाकू नका, तुम्हीच खा.

चिवट
काढल्यावर जुड्या करून टांगा, पाणी निथळू दे. गरम असताना डब्यात बंद केलेत तर सांतानमुळे उद्या दुपारपर्यंत आंबूस वास येईल. पूर्ण गार झाले की फ्रिजमध्ये, सकाळी वीस मिनिटं वाफ.

नीबोंग
बघा, वाफ शेवटी लागलीच.

चिवट
ती गरम करायला.